कर्दळीचे चार खांब

“आणि चौरंगासाठी कर्दळीचे चार स्तंभ. ते मात्र विसरू नका हं वहिनी,” एवढं बोलून गुरुजींनी फोन ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिले. सुपाऱ्या, विड्याची पानं, नारळ, रवा यांची मला धास्ती नव्हती. ते सगळं बाजारात मिळतं. कर्दळ बाजारात मिळत नाही. ती होती आमच्याच अंगणात, फाटकापासून विहिरीपर्यंत, आणि ती आप्पांची होती. आप्पा म्हणजे माझे सासरे, अच्युतराव आठल्ये. लग्न होऊन मी सांगलीच्या त्या घरात आल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आज माझ्याच घरात सून आहे आणि ती माझ्याशी बोलताना मोबाइलमधून मान वर काढत नाही, पण तो विषय वेगळा.

बोलत नव्हते म्हणजे आप्पा मुके होते असं नाही. त्यांचं बोलणं अखंड चालू असायचं, फक्त ते हवेशी असायचं. “कुणीतरी चहात साखर जरा कमी टाकली तर बरं होईल.” “कुणीतरी पुढचं दार उघडंच ठेवलंय.” ते कुणीतरी म्हणजे मी. सुरुवातीला मी रडले. मग रडायचा कंटाळा आला आणि मीही भिंतीवरच्या घड्याळाला उत्तरं द्यायला लागले. “साखर एकच चमचा होती बरं का,” असं मी घड्याळाला सांगायची. आप्पा पेपर वर धरायचे. आमच्या सासूबाई, ज्यांना सगळे माई म्हणत, त्या आम्हा दोघांच्या मध्ये बसून कपाळाला हात लावायच्या.

आप्पांच्या रागाला कारण होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते वाजवीच होतं. मिरजेच्या एका जुन्या मित्राला त्यांनी शब्द देऊन ठेवला होता की तुझी मुलगी माझ्या घरात येईल. त्यांचा मुलगा निरंजन तेव्हा लातूरच्या बँकेत होता, आणि तिथेच पलीकडच्या टेबलावर मी होते. मी हेमांगी बिराजदार, उदगीरची, लिंगायत. आप्पांनी शब्द दिलाय हे निरंजनला कळेपर्यंत त्याचा मला शब्द देऊन झाला होता. आम्ही रजिस्टर लग्न केलं, दोघांनी सांगलीच्या शाखेत बदली मागून घेतली आणि ऐन उन्हाळ्यात घरी आलो. जोडीनं नमस्काराला वाकलो तर आप्पांनी पाय मागे घेतले, उठले आणि अंगणात जाऊन कर्दळीला पाणी घालायला लागले. भर दुपारी. निरंजन उभा राहिला. मी मात्र वाकलेली तशीच राहिले आणि रिकाम्या खुर्चीला नमस्कार करून उठले. माझे वडील तिथं असते तर त्यांनी तिथल्या तिथे मला परत नेलं असतं.

तो नमस्कार माझ्या मनात अडकून बसला होता. दिवाळीनंतर निरंजनला नाशिकच्या शाखेत जागा आहे असं समजलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, “लग्नानंतरचा सत्यनारायण राहिलाय असं माई रोज म्हणतात. तो होऊ दे. पूजा झाली की मी पुन्हा एकदा वाकून बघते. या वेळी पण उठून गेले, तर चल नाशिकला. मी काय जन्मभर घड्याळाशी बोलत बसू का?”

“चालेल,” निरंजन म्हणाला. तो चालेल म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला. त्याला जायचं नव्हतं. आणि गंमत अशी की मलाही नव्हतं. त्या घराची, माईंची, अंगणातल्या उन्हाची मला सवय झाली होती.

पौर्णिमेचा दिवस ठरला. आणि नेमकं चार दिवस आधी बेळगावहून नणंदेच्या सासरचा निरोप आला की दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्यात. माई हातातली कामं टाकून एसटीत बसल्या. जाताना मला म्हणाल्या, “पूजा पुढे ढकलू नका. ढकलली की राहते. बसायचं तुम्ही दोघांनी आहे, माझं काय अडलंय? आणि हे बघ, यांच्याशी भांडू नकोस.”

“ते बोलतील तर मी भांडेन ना,” मी म्हटलं.

तेव्हा घरात उरलो आम्ही तिघं, आणि त्यातल्या दोघांत हवा.

आमचे नेहमीचे गुरुजी गुडघेदुखीनं घरी बसले होते, म्हणून त्यांनी पुतण्याला पाठवायचं ठरवलं होतं. हे धाकटे गुरुजी पाठशाळेतून नुकतेच बाहेर पडलेले. त्यांच्या तोंडी पाण्याला पाणी नव्हतं, ते उदक म्हणत. दुधाला दुग्ध म्हणत. फोनवर त्यांचं सामान लिहून घेता घेता माझी पुरेवाट झाली होती. स्तंभ म्हणजे खांब, हे माझं मी ओळखलं आणि मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. कर्दळ तर मला ठाऊकच होती. सगळी पंचाईत तिथेच होती.

आप्पांच्या कर्दळीबद्दल सांगितल्याशिवाय ही पंचाईत कळायची नाही. कर्दळ म्हटलं की लोक नाक मुरडतात. मोरीच्या पाण्यावर, गटाराच्या कडेला आपसूक माजणारं झाड, त्याचं कौतुक ते काय? शेजारचे केतकर गुलाब लावायचे आणि दर वर्षी कॉलनीच्या बागेच्या स्पर्धेत त्यांनाच ढाल मिळायची. ते फाटकाशी उभं राहून विचारायचे, “काय आप्पा, यंदा पण कर्दळच का?” आप्पा म्हणायचे, “यंदा पण.”

मात्र ती कर्दळ बघायला हवी होती. लाल, पिवळी, पिवळ्यावर तांबडे शिंतोडे असलेली, एक तर अशी की तिची पानंच वांग्याच्या सालीसारखी जांभळट. उन्हाळ्याच्या तोंडाला आप्पा जुने कंद उकरून काढायचे. माती झाडून, डोळा बघून बघून त्यांचे तुकडे करायचे, कापलेल्या जागी राख चोळायचे आणि एक दिवस सावलीत ठेवून मग लावायचे. वर शेण कालवलेलं पाणी. कर्दळ खादाड असते, तिला उपाशी ठेवलं की फूल बारीक येतं, असं ते हवेला सांगायचे. रोज सकाळी कोमेजलेली फुलं खुडायची, बी धरू द्यायचं नाही. ज्या दांड्याचं फुलणं संपलं तो बुडापासून छाटायचा, म्हणजे शेजारचा कोंब वर येतो. पानाची सुरळी करून आत बसणारी एक अळी असते, तिच्याशी तर त्यांचं हाडवैर होतं. संध्याकाळी ते उकिडवे बसून एकेक पान उलगडून बघायचे आणि सापडलेली अळी डब्यात टाकायचे.

मी एकदा कपड्यांचं साबणाचं पाणी वाफ्यात ओतलं, तर दुपारी जेवताना ते भाताकडे बघून म्हणाले, “साबण कुणाला पिता येत नाही.” तेव्हापासून मी तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं पाणीच तिकडे टाकायला लागले. काही दिवसांनी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक रिकामी बादली येऊन बसली. कुणी ठेवली, कशाला ठेवली, कुणी काही बोललं नाही. मी त्यात पाणी साठवायला लागले आणि संध्याकाळी ते वाफ्यात गेलेलं असायचं.

आणि मधल्या वाफ्यातली ती एक कर्दळ. ती आप्पांनी बियांपासून केली होती. कर्दळीचं बी छर्र्यासारखं काळं आणि टणक असतं, पाण्याला दाद देत नाही. आप्पांनी त्या बिया पॉलिश पेपरवर घासल्या, कोमट पाण्यात ठेवल्या, मग रुजवल्या. बाकीची सगळी रोपं साधी लालच निघाली. एक मात्र पिकलेल्या जर्दाळूच्या रंगाची फुलं घेऊन आली, कडेला अगदी बारीक पिवळी किनार. तसली कर्दळ सांगलीत कुणाकडे नव्हती. त्या वर्षी तिचं बेट भरलं, चार दांडे पुरुषभर उंच झाले आणि चारही एकदम फुलले. रविवारी सकाळी स्पर्धेचे परीक्षक घरोघर येणार होते. पूजा शनिवारी संध्याकाळी होती.

आणि मला पूजेला कर्दळीचे खांब हवे होते. माईंनासुद्धा देवासाठी या कर्दळीचं फूल मागायची सोय नव्हती, त्या जास्वंदीवर भागवायच्या.

निरंजन बँकेतून आला तशी मी त्याला दारातच गाठला. “तुमच्यात सत्यनारायणाला कर्दळीचे खांब लावतात का रे?”

“खांब असतात खरे चौरंगाला,” तो बूट काढत म्हणाला. “कशाचे ते मला काय माहीत? मी आयुष्यभर प्रसादाच्या वेळेला पोचलोय.”

“आमच्याकडं तर केळीचे बांधतात.”

“मग इकडं कर्दळीचे बांधत असतील. गुरुजींनी सांगितलंय ना? त्यांना जास्त कळतं.”

मलाही ते पटलं. त्या घरात सगळंच वेगळं होतं. आमटीत गूळ होता, पोळीला घडी होती. आणि जिथं अंगणभर कर्दळ आहे तिथं पूजेलाही कर्दळच लागणार, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. माईंना विचारावं तर त्या बेळगावला दवाखान्यात होत्या.

“मग तू माग आप्पांकडं,” मी म्हटलं.

“मी?” निरंजन एका पायात बूट तसाच ठेवून उभा राहिला. “परवा परीक्षक यायचेत आणि मी कर्दळ मागू? लहानपणी बॉलनं एक पान फाटलं होतं तर मला आठवडाभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. तू माग.”

“माझ्याशी ते बोलत नाहीत.”

“मग बरंच आहे की. नाही म्हणता येणार नाही त्यांना.”

असा हा माझा नवरा. मी चप्पल सरकवली आणि अंगणात गेले.

आप्पा अळ्या शोधत होते. मी त्यांच्या मागे उभी राहिले, घसा खाकरला, पदर सारखा केला. बोलायला तिथं घड्याळही नव्हतं.

“आप्पा,” मी म्हटलं.

त्यांचा हात पानावर थांबला.

“उद्या पूजेला चौरंगाला कर्दळीचे चार खांब लागणार आहेत. गुरुजींनी सांगितलंय.” घाबरले की माझं उदगीर वर येतं, तसं ते आलं. “तुम्ही दिलाव तर बरं होईल बगा. चांगले नकोत. मागच्या बाजूचे, वाकडेतिकडे कसले बी चालतील. मला दुसरीकडं कुठं मिळतील ते ठाऊक नाही, म्हणून मागायला आले.”

आप्पांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. अगदी सरळ, चेहऱ्याकडे. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी तोंड उघडलं. आता काहीतरी सणसणीत ऐकायला मिळणार म्हणून मी पायाची बोटं आवळून घेतली. पण तोंड मिटलं, डोळे तेवढे माझ्यावरच राहिले.

“किती म्हणालात?” त्यांनी विचारलं. म्हणालात! मला हसावं की रडावं कळेना.

“चार.”

“हं,” असं म्हणून ते पुन्हा पानाकडे वळले.

हो की नाही ते मला समजलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी सायकल बाहेर काढली, कॅरियरला दोरी गुंडाळली आणि कुणालाही काही न सांगता फाटकाबाहेर गेले. रागानं गेले, असंच मी समजले. निरंजनलाही तसंच वाटलं. परत आले तेव्हा मी रवा भाजत होते, म्हणून मला फक्त मागचं दार वाजलेलं ऐकू आलं. जेवताना त्यांनी हवेलासुद्धा काही सांगितलं नाही.

सकाळी दूध तापायला ठेवलं आणि खिडकीतून पाहिलं तर आप्पा विळा घेऊन वाफ्यात उभे. माझा जीव जरा भांड्यात पडला. देणार म्हणजे. मग मी बघितलं की ते मागच्या बाजूला नव्हतेच. ते मधल्या वाफ्यात होते. मी गॅस तसाच टाकून धावले तोवर जर्दाळू रंगाचा पहिला दांडा त्यांच्या हातात आला होता.

“आप्पा, ती नको! मी मागची म्हटलं होतं! मागची, वाकडी!”

“देवाला मागचं द्यायचं का?” ते म्हणाले आणि त्यांनी दुसरा दांडा कापला.

“अहो पण उद्या ते लोक येणार आहेत...”

तिसरा. चौथा. एकेक करून, बुडापासून, तिरपा काप देत. फुलाला धक्का लागू नये म्हणून दांडा खांद्यावर टेकवून घेत. मग त्यांनी ओलं गोणपाट बुंध्यांना गुंडाळलं आणि चारही दांडे पडवीत टेकवून ठेवले. वाफ्याच्या मध्यभागी नुसती खोडं राहिली. मी तिथंच तुळशीच्या कट्ट्यावर बसले आणि हमसून हमसून रडले. आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग घराकडे, आणि म्हणाले, “दूध उतू जातंय.”

गेलंच होतं.

दिवसभर मी कामात होते पण माझं लक्ष पडवीकडे होतं. मला त्या फुलांकडे बघवत नव्हतं. वाटत होतं, हे सगळं आपल्याला दाखवण्यासाठी केलंय. घे, तुला हवं होतं ना, घे सगळंच. अशा माणसापुढे वाकायचं कशाला? मी निरंजनला तसं म्हटलंही. तो म्हणाला, “आप्पा चिडले की काही देत नाहीत गं. उलट काढून घेतात.” त्या घाईत मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी लोक जमले. केतकर पतिपत्नी आले, समोरच्या बायका आल्या, बँकेतल्या दोघी आल्या. धाकटे गुरुजी आले, हातपाय धुऊन आत आले आणि चौरंगाकडे बघून तिथंच थबकले. मी आणि निरंजननं चारही पायांना कर्दळ बांधून ठेवली होती. खोटं नाही, फार सुंदर दिसत होतं.

“हे काय, वहिनी?”

“कर्दळीचे खांब. तुम्ही सांगितलेले.”

गुरुजींनी आधी ओठ दाबून धरले, पण वयच हसायचं होतं. ते फिसकन हसले. “अहो वहिनी, पोथीतली कर्दळी म्हणजे केळ! केळीचे खुंट हवे होते मला! ही फुलांची कर्दळ कुठून आणलीत?”

आधी एक बाई हसली, मग सगळ्या हसल्या. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र मला वाटलं, जमीन दुभंगावी. केतकर कर्दळीजवळ गेले, खाली वाकून नीट बघितलं आणि त्यांचं हसणं एकदम थांबलं. “आप्पा, ही तुमची मधल्या वाफ्यातली? जर्दाळू? आणि उद्या स्पर्धा?”

मी मान खाली घातली. एका शब्दापायी मी आप्पांची कित्येक वर्षांची मेहनत विळ्याखाली घातली होती, तीही फुकट, आणि तीही चारचौघांत हसं करून घेऊन. नाशिकच बरं, असं माझ्या मनात येऊन गेलं. तिथं निदान मला कुणी ओळखत नव्हतं.

“स्कूटर काढतो,” निरंजन पुटपुटला. “मंडईत अजून कुणी असेल का?”

“या वेळेला खुंट कुठले मिळायला?” गुरुजी म्हणाले. “मुहूर्त टळेल. आपण नुसत्या चौरंगावरच...”

“निरंजन,” खुर्चीतून आप्पांचा आवाज आला. “मागच्या न्हाणीत जा. पिंपाच्या मागे आहेत.”

“काय आहेत?”

“जा तर खरं.”

निरंजन गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही बगलांत केळीचे खुंट होते. चार. ताजे, हिरवेगार, मुळांना ओलं गोणपाट बांधलेलं, जसं सकाळी कर्दळीला बांधलं होतं तसंच. गुरुजींचा चेहरा उजळला. “वा! म्हणजे सोय होतीच की!” त्यांनी भराभर कर्दळ सोडायला सुरुवात केली.

“ती सोडू नका,” आप्पा म्हणाले.

“पण आप्पा, आता केळ आलीय ना. शास्त्रात कर्दळीचं फूल काही...”

“शास्त्रात बांधू नये असं कुठं म्हटलंय?”

गुरुजी विचारात पडले. “तसं कुठं नाही म्हणा.”

“मग शेजारी शेजारी बांधा दोन्ही. ती मागून घेतलेली आहे.”

पूजा सुरू झाली. मी पाटावर बसले, निरंजनच्या हाताला हात लावला, गुरुजी सांगतील तिथं पाणी सोडलं, अक्षता टाकल्या. कथेतल्या साधुवाण्याचं काय झालं ते मला त्या दिवशी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझ्या डोक्यात कालची सायकल फिरत होती. कॅरियरला दोरी बांधून आप्पा बाहेर पडले ते मंडईत गेले होते. म्हणजे काल संध्याकाळी, मी मागितल्यावर लगेच. म्हणजे कर्दळी म्हणजे केळ, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. मग सकाळी विळा कशाला घेतला?

आरती झाली, प्रसाद वाटला. “आता मोठ्यांना नमस्कार करा,” गुरुजी म्हणाले. आप्पा त्यांच्या खुर्चीत होते. निरंजन माझ्याकडे बघत होता. आम्ही जोडीनं पुढे गेलो. मी वाकायच्या आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, उठणार असतील तर आत्ताच उठू देत म्हणून जरा थांबलेसुद्धा. पाय हलले नाहीत. टाचांना भेगा होत्या आणि भेगांत वाफ्यातली माती होती. मी डोकं टेकवलं. माझ्या केसांवर हात आला, जड, खरखरीत.

“सुखी राहा,” आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, “दोघंही.”

मी पटकन उठलेच नाही. मला उठवेना. निरंजननं दंडाला धरून उभं केलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते, आणि केतकरीणबाई उगाचच पदरानं नाक पुसत होत्या.

लोक पांगले, निरंजन गुरुजींना स्कूटरवरून सोडायला गेला. पातेली मोरीत टाकून मी बाहेर आले. पौर्णिमेचा चंद्र चांगला वर आला होता. आप्पा मधल्या वाफ्यात बसून कापलेल्या खोडांभोवती माती ओढत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि मीही ओढायला लागले. त्यांनी नको म्हटलं नाही.

“खोल नको जाऊस,” ते म्हणाले. “कोंब आहेत खाली. दुखावतील.”

“परत येतील ही?”

“कंद शाबूत आहे. कर्दळ कापल्यानं मरत नाही. संक्रांतीपर्यंत पुन्हा फुलेल.”

“पण उद्या परीक्षक येतील त्यांना काय दाखवणार?”

“खोडं दाखवीन. ढाल काय, केतकरांकडे ठेवायला जागा आहे.”

मी माती थापत राहिले. मग मला राहवेना. “आप्पा, काल मी मागितलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना? कर्दळी म्हणजे केळ ते?”

“हायस्कुलात संस्कृत शिकवून पेन्शनीत निघालो मी,” आप्पा म्हणाले. “तेवढं येतं.”

“मग तेव्हाच सांगायचं होतं! वेडे, ते केळीचे असतात, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. खुंट आणून लपवून ठेवलात, आणि ही एवढी चांगली कर्दळ...” मला पुन्हा रडू यायला लागलं.

आप्पांनी हातांची माती झटकली.

“सांगणारच होतो. तोंडाशी आलं होतं,” ते म्हणाले. “तुमचा मॅनेजर माझाच विद्यार्थी. नाशिकचं त्यानं मला तेव्हाच सांगितलं होतं. मी रोज वाट बघत होतो, आज सांगतील, उद्या सामान बांधतील. माझा राग केव्हाच संपला होता गं, पण तो संपलाय हे सांगायचं कसं ते मला येत नव्हतं. आणि काल तू इथं येऊन उभी राहिलीस आणि खांब मागितलेस. चुकीचे का होईनात. मी म्हटलं, जाणारी माणसं काही मागत नाहीत. ही मागतेय. मग कापली.”